आवक क्रमांक ४१२

४ जानेवारी
डोकं ठणकतंय. आज ऑफिसात जाहिरात आली. लिपिक, आवक-जावक टेबल, एक पद, कायम. म्हणजे माझीच खुर्ची! अकरा वर्षं हंगामी म्हणून जिच्यावर बसलो, जिचा मोडका हात मी स्वतः सुतळीने बांधलाय, तिच्यासाठी आता परीक्षा. हद्द म्हणजे त्या जाहिरातीवर आवकचा शिक्का मीच मारला. आधी मारला, मग वाचली.
साहेबांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, अहो, तुम्हालाच तर संधी आहे, द्या की परीक्षा. संधी म्हणे! वयाची अट अडतीस. तीस जूनला मला अडतीस पूर्ण. पहिली संधी आणि शेवटचीही.
परीक्षा ११ मे. चार महिने. पुष्कळ झाले. पहिला येणार आणि तो निकाल साहेबांच्या टेबलावर आपटणार. कसा आपटायचा तेही ठरलंय.

५ जानेवारी, सकाळी ५.००
उठलो.

५ जानेवारी, सकाळी ७.४०
पुन्हा उठलो. हिने उठवलं नाही. उठवलं होतं म्हणते. नीट उठवलं नाही.

६ जानेवारी
चार पुस्तकं आणली: भाषा, गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान. ही म्हणाली, तुमचं गणित कच्चं आहे, तिथून सुरुवात करा. हिला काय कळतं! टेबलावर चार कागद आले तर जो आधी आला तो आधी. पिशवीतून पहिलं भाषेचं पुस्तक निघालं. त्यात पहिलं प्रकरण विरुद्धार्थी शब्द. विषय संपला.
शेजारचा आज भिंतीला भोक पाडत होता. अभ्यास झाला नाही.

९ जानेवारी
पद्धत सापडली. बाकीचे उमेदवार पाठांतर करून मरणार. मी शब्दांची नोंदवही केली. रकाने चार: आवक क्रमांक, दिनांक, शब्द, विरुद्धार्थी शब्द. प्रत्येक शब्दाला क्रमांक, त्यापुढे शिक्का. रोज वीस शब्द. नऊशे शब्द पंचेचाळीस दिवसांत हातावेगळे.
आवकचा शिक्का रोज संध्याकाळी ऑफिसातून आणतो, सकाळी परत नेतो. चोरी नव्हे. तो काय नि त्याचा जोडीदार जावकचा काय, दुसऱ्या कोणाच्या हातात नीट उठतच नाही. डाव्या बाजूला जरा जास्त दाबावं लागतं, हे साऱ्या ऑफिसात मला एकट्याला ठाऊक आहे.

१० जानेवारी
आवक ७. रेघा मारण्यात वेळ गेला. रेघा मात्र पाहण्यासारख्या.

२३ जानेवारी
चौथा रकाना सध्या कोराच ठेवतोय. ही म्हणाली, अहो, मग अभ्यास कसला केला? समजावलं, आधी सगळी आवक पूर्ण होऊ दे, मग निकाल एकदाच हातासरशी. अर्धी आवक, अर्धा निकाल, असल्या भोंगळ कारभारानेच ऑफिसं बुडतात. ही म्हणाली, तुमच्या ऑफिसात कपाटामागे पडलेली पत्रं निघाली होती ती कोणाची? मी वही उचलून आतल्या खोलीत गेलो. परीक्षेच्या काळात शांत राहायचं ठरवलंय.

२४ जानेवारी
शांत आहे. डोअरबेल काढून टाकली.

२ फेब्रुवारी
घरात अभ्यास अशक्य. कुकरच्या शिट्ट्या, शेजाऱ्याचं भोक, हिचा भाऊ फोनवर. त्याने आजही विचारलंच म्हणे, भावोजी अजून हंगामीच का? हिने फोन ठेवला आणि बराच वेळ एकच ताट पुसत बसली. मला राग आला. ताटाचा नव्हे. कोणाचा ते नंतर लिहीन.
उद्यापासून वाचनालय.

३ फेब्रुवारी
वाचनालयात मी हेरलेल्या टेबलाशी एक चष्मेवाली मुलगी आधीच बसलेली. वय बावीस-तेवीस. तीही याच परीक्षेला. म्हणाली, काका, इथे बसा ना, जागा आहे. काका! सदतीस वर्षांच्या माणसाला! रागाने तासभर एकही शब्द आवक झाला नाही.

११ फेब्रुवारी
चष्मेवालीने वही पाहिली. म्हणाली, अक्षर किती सुंदर आहे हो काका. मुलगी अगदीच वाईट नाही. मग विचारलं, समोरचा रकाना रिकामा कसा? हिच्यासारखीच निघाली. तिला कार्यालयीन पद्धत समजावली. पाऊण तास ऐकत होती, मधून मधून लिहून घेत होती. आवक म्हणजे काय, जावक कशी, तातडीचा कागद कुठल्या फायलीत. विचारायचंही बरंच विचारलं. आजकालच्या पोरांना कुतूहल असतं, पण अभ्यास नसतो. वाया जाणार.

१९ फेब्रुवारी
‘ऋजू’ आवक झाला. क्रमांक ४१२. काळी शाई संपली म्हणून लाल वापरली. वीस मिनिटं शाई शोधली. दुकानदार म्हणाला, काळी उद्या येईल. उद्या! देशाचं काय होणार!

६ मार्च
चष्मेवालीचं गणिताचं पुस्तक फाटकं, मधली पानं गेलेली. माझं नवं कोरं देऊन टाकलं. परत करायच्या बोलीवर. माझ्या रांगेत गणित अजून बरंच मागे आहे, नुसतं घरात बसून काय करणार. ती म्हणाली, काका, तुम्हाला नको? मी म्हटलं, मला लागेल तेव्हा मागेन. मोठ्या मनाचा आनंद काही वेगळाच.
घरी सांगितलेलं नाही.

१० मार्च
हिने विचारलं, गणिताचं पुस्तक दिसत नाही ते? म्हटलं, वाचनालयात असतं. खोटं नाही.

२ एप्रिल
आवक ६९०. ऑफिसात शिपाई म्हणाला, आवकभाऊ, अभ्यास झोकात दिसतोय. हा मला आवकभाऊ म्हणतो. कायम नोकरीतल्यांना साहेब, मॅडम. मला भाऊ. पहिला आलो की आधी याची जीभ सरळ करणार. तोपर्यंत शांत.

३ एप्रिल
शांत राहता आलं नाही. त्याला बोललो. त्याने चहा दिला नाही. तीन वाजता डोकं दुखायला लागलं, अभ्यास बुडाला. याला जबाबदार शिपाई.

२८ एप्रिल
आवक ९०० पूर्ण! शेवटच्या शब्दावर शिक्का डावीकडे खास दाबून मारला. हिला दाखवलं. तिने पानं उलटली. सगळी. मग चौथ्या रकान्यावर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत नेलं. मग म्हणाली, तेरा दिवस राहिलेत, आता एवढं तरी भरा. मी म्हटलं, रोज सत्तर, तेरा दिवसांत खलास. गणित मला पूर्वीपासून जमतं, ही उगाच घाबरवते.

२९ एप्रिल
निकाली ३. पाठ धरली. इतके महिने शिक्के मारून धरली, याला ऑफिस जबाबदार.

६ मे
निकाली ११. एकूण. गणिताचं पुस्तक मागायला वाचनालयात गेलो. चष्मेवाली गणितं सोडवण्यात इतकी बुडालेली की मागवेना. तिच्याकडून उगीच एक रिकामं पान मागून आणलं.

११ मे, दुपार
शंभर प्रश्न. विरुद्धार्थी किती? चार! चार महिने, नऊशे शब्द, चार प्रश्न. पेपर काढणाऱ्याला समोर उभा करा माझ्या!
गणित पंचवीस. त्यातल्या पंचवीसही जागी मी ‘क’ ला खूण केली. एकसारखेपणा असावा.
पण खरा संताप पुढे. चारांपैकी तीन शब्द माझ्या वहीतले होते. ‘ऋजू’ होता. पाहताक्षणी ओळखला. आवक क्रमांक ४१२, दिनांक १९ फेब्रुवारी, लाल शाई, शिक्का किंचित तिरका. सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्याच्या समोरचा रकानाही उभा राहिला. कोरा. ‘खंडन’, क्रमांक ५०३. कोरा. ‘कृश’, १८८. कोरा.
चौथा शब्द होता ‘हंगामी’. त्याची नोंद मी केली नव्हती, पण उत्तर येत होतं. कायम. त्यावर खूण इतकी दाबून केली की कागद फाटला. पर्यवेक्षक म्हणाले, अहो, जरा हळू.

११ मे, संध्याकाळी
हिने विचारलं, कसा गेला? म्हटलं, सोपा होता. सगळे शब्द ओळखीचे. तिने लगेच भावाला फोन लावला. मी गच्चीवर गेलो.

३० जून
अडतीस पूर्ण. शिपायाने हात मिळवला, वर चहा दिला. संशय येतोय.

८ ऑगस्ट
निकाल. यादीच्या वरच्या टोकाला मी नाही. मधेही नाही. तळातून मोजायला सुरुवात केली, फार मोजावं लागलं नाही. पहिला नंबर कोणाचा ते वाचलं नाही. कोणी का असेना. परीक्षाच मुळात चुकीची होती. आवक-जावक टेबलाला गणित कशाला? क्रमांक तर मशीनही टाकतं. साहेबांना चार पानी तक्रार लिहिली. तिला आवक क्रमांक दिला. निकाल रांगेप्रमाणे लागेल.
हिला सांगितलं. तिने उरलेली तीन पुस्तकं फळीवर ओळीने लावली. मग म्हणाली, पुस्तक कोणाला दिलं होतं, एवढं तरी खरं सांगा. सांगितलं. ती हसली की रडली, कळलं नाही. मला कोणी नीट सांगतच नाही.

१ सप्टेंबर
साहेब म्हणाले, नवीन उमेदवार येतोय, तुम्ही आजचा दिवस थांबा, कामाची माहिती द्या. मी म्हटलं, अकरा वर्षांची माहिती एका दिवसात? ते म्हणाले, प्रयत्न करा.
दहा वाजून पाच मिनिटांनी चष्मेवाली आली. शिपायाने खुर्ची पुसली आणि म्हणाला, या मॅडम. पहिल्याच दिवशी मॅडम! बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने मला पाहिलं आणि म्हणाली, काका, तुम्ही इथे? सगळं ऑफिस बघायला लागलं. तोंड मिटलं.
तिने पिशवीतून गणिताचं पुस्तक काढलं. खाकी कव्हर घातलेलं. म्हणाली, परत करायच्या बोलीवर होतं ना.
फार काही शिकवावं लागलं नाही. तातडीची फाइल कुठली, ते तिनेच आधी सांगितलं. फेब्रुवारीत लिहून घेतलं होतं म्हणे. खुर्चीचा हात हलतो तेवढं मी दाखवलं. तिच्या रुजू झाल्याच्या पत्रावर आवकचा शिक्का मी मारला. व्यवस्थित उठला. माझा शेवटचा.
साडेचारला साहेबांकडून माझ्या कार्यमुक्तीचा आदेश टेबलावर आला. आता जावक तिची. तिने शिक्का मारला, अर्धाच उठला. म्हणाली, काका, हा असा का उठतोय? सांगू नये असं मनात होतं. रागही होता. पण तो अर्धवट शिक्का बघवेना. म्हटलं, डाव्या बाजूला जरा जास्त दाब.
तिने दाबला. माझ्या आदेशावर जावकचा शिक्का इतका सुंदर उठला, की मी रागावायचंच विसरलो.