कमलच्या तांड्यापर्यंत चालत

६ जुलै, रविवार

रविवारच्या चालणाऱ्या मंडळींसोबत टेकडी झाली. पाऊस पहाटेच उघडला होता, पण वाटेवर नुसता चिखल. मोनीने पुण्याहून पाठवलेले बूट आज काढले. पोरीने हौसेने घेतलेत. खोक्यावर लिहिलंय, कुठल्याही जमिनीवर चालतात. आमची काळी माती त्यांनी पाहिलेली नसावी. एक धुरा, शेताचा बांध, ओलांडेस्तोवर दोन्ही पायांना मडक्याएवढे गोळे. कमल आपल्या प्लास्टिकच्या बुटांत टणाटण पुढे. वळून म्हणते, "काय वं सुजाता, अर्धं वावर घरी नेऊन राह्यली काय?"

वर पोचल्यावर सगळं माफ. खाली यवतमाळ धुक्यात, सागाला नवी पानं, वारा असा की ओढणी हातात धरून बसावं लागलं. सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरमागे गेली, कमलची शेजारच्या काउंटरमागे. तेव्हा खिडकीतून ही टेकडी दिसायची, आणि ती चढायची असते हे दोघींच्याही डोक्यात कधी आलं नाही.

कमलने पश्चिमेकडे बोट केलं. नेरच्या अलीकडे तिचं माहेर, बंजारा तांडा. थंडी पडली की सगळ्यांनी चालत जायचं ठरलं. वाटेत एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी तिच्या आईच्या हातचं जेवण. माझी आई बाजाराला दुसऱ्या गावी चालत जायची, ते एसटी नव्हती म्हणून. मी हौसेने जाणार. डिसेंबर!

८ जुलै

तळपाय जळतात. चटणी लावल्यासारखे. हे म्हणाले, "बुटाचा नंबर लहान असन." एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेला, त्यामुळे प्रत्येक दुखण्याचं कारण यांना पार्टमध्ये सापडतं. मी साखरेची गोळी सकाळी विसरले होते, दुपारी घेतली.

२० जुलै, रविवार

नवे बूट कपाटावर. मोनीला सांगितलं, छान बसतात. मेन लाइनच्या बाजारातून कापडी बूट आणले, एक नंबर मोठे. दुकानदार म्हणाला, "काकू, घरात घालाले पाह्यजेत काय?" टेकडीसाठी म्हटल्यावर त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाहू दे.

आज धबधब्यापर्यंत. धबधबा म्हणजे दगडावरून दोन बादल्या पाणी, पण आमच्याकडे तोच. बूट भिजून चिंब. जळजळ आहेच.

२९ जुलै

कापडी बूट वाळत नाहीत. पेपरचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे, बोळे ओले झाले की बदलायचे. सध्या पेपर आमच्याकडे वाचायला कमी आणि बुटाला जास्त लागतो. हे चिडतात, शब्दकोड्याचं पान आधी जातं.

१७ ऑगस्ट, रविवार

जळजळ गेली!! चार-पाच दिवस झाले, वाट पाहत होते, पुन्हा होते का. नाही. तळपाय गार, शांत. जणू कधी काही नव्हतंच. आज सगळ्यात लांबची फेरी मारली, मागच्या बाजूने उतरून नर्सरीकडून परत. एकदाही बसले नाही. कमल म्हणाली, "पाय कळा मारून मारून थकले, आता लाइनवर आले पाहाय." परत येताना दोघींनी जिलबी खाल्ली. हो, खाल्ली. एवढ्या आनंदाला एक जिलबी चालते.

डिसेंबरचं पक्कं. कमलने भावाला फोनही केला.

७ सप्टेंबर, रविवार

आजची गंमत लिहूनच ठेवते. टेकडीवरून घरी आले, ओसरीवर बूट काढले, उजव्यातून पेपरचा बोळा निघाला! सकाळी काढायचा राहून गेला होता. अख्खी टेकडी चढले-उतरले बोटांपुढे पेपर घेऊन. दाबून दाबून सुपारीसारखा घट्ट. कमल ओसरीतच बसली हसत. "डाक घेऊन गेलती काय वं वरती?" मीही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

हे हसले नाहीत. बोळा हातात घेऊन दाबून पाहत होते. म्हणाले, "इतकं टणक होतं, तुले कळलं कसं नाही?"

मी म्हटलं, बोलत होतो आम्ही. बोलण्यात लक्ष राहत नाही.

८ सप्टेंबर

उजव्या अंगठ्याच्या टोकाला काळं-निळं. खाली फोड, तो फुटलेला. दुखत नाही. मोज्याला चिकटलं होतं ते यांनी पाण्याने सोडवलं. मी आपली पाहत होते, दुसऱ्याच कोणाचा पाय असावा तशी.

१० सप्टेंबर

डॉक्टर. मोठे नाहीत वयाने, मोनीएवढेच. म्हणाले, डोळे मिटा, तळव्याला धागा टेकवतो, लागलं की हो म्हणा. नायलॉनचा जाडसर धागा. डोळे मिटून बसले. वाट पाहत राहिले. मग वाटलं अजून सुरू झालं नसेल, म्हणून विचारलं, "लावा ना."

डोळे उघडले तर डॉक्टर लिहीत होते आणि हे भिंतीकडे पाहत होते.

ऑगस्टात पाय बरा झाला नव्हता. साखरेने त्याची जाणीव गेली. आम्ही त्यावर जिलबी खाल्ली.

जखम भरेपर्यंत चालणं बंद. अनवाणी कधीच नाही, घरातही नाही. रोज दोन्ही पाय पाहायचे, कारण दुखून सांगायचं काम ते आता करणार नाहीत. टेकडीचं विचारलं. "काकू, आधी हे भरू द्या. मग पाहू."

तांड्याचं विचारलंच नाही. नाही म्हणाले असते तर?

११ सप्टेंबर

दिवसभर रडू. गोळ्या विसरायचे, टाळायचे, गोड खायचे, सगळं खरं. पण चालायला लागले ते तब्येतीसाठीच ना थोडं? आणि नेमके पायच जावेत. दुसरं काहीही चाललं असतं. म्हणजे नसतं, पण.

१५ सप्टेंबर

रोज सकाळी आंघोळ झाली की हे मोरीजवळ पाट टाकून बसतात. माझा पाय आपल्या मांडीवर घेतात, बोटं एकेक फिरवून पाहतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, परवा मोजा सोडवला तेवढं सोडलं तर यांनी माझ्या पायाला कधी हात लावलेला नाही. लावायचा नसतो असंच पाहिलंय. पहिल्या दिवशी मी पाय ओढला. "अहो, नका. कसंतरी वाटते मले."

"कसंतरी कायले? टायर पाहून राह्यलो समज."

हसायला आलं. पण लाज गेलेली नाही अजून.

२ ऑक्टोबर

दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. सगळे विहारात. पांढरी साडी नेसून मीही गेले. दारात चपला काढायच्या, तिथेच अडले. बायका म्हणाल्या, ये ना आत. त्यांना काय सांगू, डॉक्टर अनवाणी नाही म्हणतात? मी म्हटलं, इथंच हवा छान आहे. पायरीवर बसून वंदना म्हटली. शब्द तेच, आतही आणि बाहेरही. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. थोड्या वेळाने हेही बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले.

१२ ऑक्टोबर, रविवार

भांडण. जोरदार. मंडळी टेकडीला गेली, मी गॅलरीतून पाहिलं जाताना. मग यांनी पाय दाखव म्हटलं आणि मी भडकले. "तुमाले दुसरं काम नाही काय? रोज रोज पाय! माझा चेहरा पाह्यला काय कधी?"

हे म्हणाले, "चेहरा दुखला तर तू सांगते. पाय सांगत नाही."

दार आपटून गेले बाहेर. संध्याकाळी आले ते हातात भेंडी घेऊन, जसं काही झालंच नाही. मीही भेंडी चिरली. उद्या दाखवीन.

२६ ऑक्टोबर, रविवार

कमल टेकडीवरून थेट इकडे. सीताफळं आणली होती, ओंजळभर. देता देता थांबली. "तुले चालते काय वं?" म्हटलं, अर्धं. मग अर्धं मी, अर्धं तिने, बाकीची यांना.

सलवारीला सगळीकडे कुसळं टोचलेली तिच्या. एकेक उपटत बसली होती, मीही मदतीला लागले. मला ती कुसळं पाहूनसुद्धा हेवा वाटला. मग एकदम म्हणाली, "मीच म्हटलं होतं ना तुले, पाय लाइनवर आले म्हणून." डोळे भरलेले. म्हटलं, मीही तेच म्हणत होते, तुझ्या आधीपासून. दोघींनाही कुठं ठाऊक होतं. तरी तिचं डोकं खालीच.

साखर खाली येतेय. गोळी एकदाही चुकली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

जखम भरली. डॉक्टरांनी दाबून, उजेडात धरून पाहिलं, म्हणाले, छान. नवी कातडी गुलाबी, नाजूक, बाळाच्या टाचेसारखी. मऊ रबराची चप्पल बनवून मिळाली, मागून पट्टा, पुढे रुंद, बोटं झाकलेली. इतकी कुरूप वस्तू मी पायात कधी घातली नव्हती. मोनीला व्हिडिओवर दाखवली. ती आधी हसली, मग रडायला लागली, मग म्हणाली, "आई, ते बूट घट्ट होते ना? काहून नाही सांगतलं?" पुण्यात इतकी वर्षं, पण रडताना आपलीच बोली येते पोरीच्या तोंडात.

बुटांचा दोष नव्हता ते सांगितलं. ते तर कपाटावरच होते. पण सांगायला हवं होतं.

सपाटीवर थोडं थोडं चालायला परवानगी. टेकडी नाही. "यंदा नाही की कधीच नाही?" डॉक्टर म्हणाले, "पाय काय म्हणतात ते पाहू." पाय काही म्हणत नाहीत हीच तर अडचण आहे डॉक्टर!

३० नोव्हेंबर, रविवार

मंडळींचं तांड्याचं ठरलंय, दोन दिवसांची चाल, ठरल्याप्रमाणे. कमल जाणार नाही म्हणते. तिचं माहेर, आणि तीच नाही! माझ्यासाठी. मला राग आला तिचा. म्हटलं, माझ्या पायात तुझे पाय अडकवू नको. मी मेले नाही. ती म्हणाली, "मी काय तुझ्यासाठी थांबून राह्यली? मले त्याइच्यासोबत बोर होते." खोटारडी.

७ डिसेंबर, रविवार

मंडळी काल गेली, आज एसटीने परत. फोटो पाठवले. पाहिले. चांगले आलेत. मोबाइल पालथा ठेवला.

दुपारी कमल. नवीन बेत. एसटीने फाट्यापर्यंत जायचं, तिथून तांड्याकडे बैलगाडीची सपाट वाट. तेवढीच चालायची. येतानाही तीच. "चालत गेलो म्हणजे गेलो. कुठून निघालो थे कोन पाह्यते?"

हे म्हणाले, डॉक्टरांना विचारू. विचारलं. हळू जा, मोजे घाला, वाटेत थांबा, आल्याबरोबर पाय पाहा. ओलं होऊ देऊ नका.

१४ डिसेंबर, रविवार

जाऊन आलो. अजून ऊन आहे अंगणात. चप्पल काढलेली नाही. आधी लिहिते.

सकाळी एवढी थंडी की एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढवेना. फाट्यावर उतरलो. दोन्हीकडे कापूस फुटलेला, तुरीला शेंगा, वाट कोरडी खडखडीत, काळ्या मातीच्या भेगाही धुळीने बुजलेल्या. मी खाली पाहून चालत होते, काटा, दगड, सगळं डोळ्यांनी चुकवत. कमल म्हणाली, "वरती पाह्य ना, खाली मी पाह्यतो तुझ्यासाठी." मग ती खाली पाहत चालली आणि मी वर. आभाळ निळंशार. एक पोपटांचा थवा. गेल्या तीन महिन्यांत इतकं दूरवर पाहिलंच नव्हतं.

दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसणार तोच तांडा दिसला, आणि मध्ये नाला. यंदा पाऊस लांबला, नाल्याला अजून पाणी. घोट्याएवढंच, पण पाणी. दगड शेवाळलेले. कमलचं तोंड उतरलं. "मी विसरलीच वं. डिसेंबरात कोरडा रायते हा." म्हणाली, पाठीवर घेऊ काय तुले? माझं वजन तिला ठाऊक नाही.

काठावर बसून हात घातला पाण्यात. एवढं गार! बोटांना कळलं सगळं. किती वेळ तसाच ठेवला हात.

कमलने पलीकडे हाक मारली, भाऊ आला, त्याच्या मागे तिची आई. याडी. वाकलेली, पण चाल भक्कम. तिने परिस्थिती पाहिली, परत गेली. मला वाटलं रागावली. थोड्या वेळाने सगळं घर नाला ओलांडून अलीकडे! डोक्यावर टोपलं, पानगे, वांग्याची भाजी, पाण्याची कळशी, सतरंजी. याडीने माझ्याजवळ जागा झाडली, म्हणाली, "आव, बेस." मी तर बसलेलीच होते. तरी उठून पुन्हा बसले.

पानगे दीड खाल्ले. भाजी झणझणीत. याडीने माझ्या चपलेकडे पाहिलं, कमलने तिला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. तिने नुसतं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. निघताना म्हणाली, उन्हाळ्यात ये, नाला कोरडा असते. उन्हाळ्यात यवतमाळात कोणी चालतं का? पण हो म्हटलं.

परतताना दमले. खरंच दमले, मांड्या दुखतात. मांड्या दुखतात हे छान वाटलं.

एसटीत पाहिलं, उजव्या मोज्यावर अंगठ्यापाशी ओलसर डाग. हात धुताना पाणी उडालं असेल. पण ते एव्हाना वाळायला हवं होतं. कमलला दाखवलं नाही. ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती, आणि आजचा दिवस तिचाही होता.

यांनी खुर्ची अंगणात ओढली. "सुजाता, ऊन गेल्यावर मले काय दिसन? ये ना." आले म्हटलं. दोनदा म्हटलं.

मोजा काढल्यावर काय निघेल ते निघो. त्याआधी एवढं लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी, मी स्वतःही, ते पुसून टाकू शकणार नाही. आज मी हौसेने चालत कमलच्या तांड्याला गेले, नाल्याच्या अलीकडेपर्यंत, आणि मला फार मजा आली.

येते हो.