मामूच्या दारापासून अम्मीच्या दारापर्यंत

७८६
रत्नागिरी, ११ नोव्हेंबर

आदरणीय नझीर मामूंना महरीनचा सलाम.

वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि अम्मी ओरडून बोलली तर ते फक्त शेजाऱ्यांना ऐकू जातं. म्हणून पत्र. घडलं ते क्रमाने असं:

१. सोमवारी, ४ तारखेला, मला नेमणुकीचं पत्र आलं. हिमाचलात डोंगरातल्या पायवाटांची मोजणी. मुदत एक वर्ष.
२. त्याच संध्याकाळी मी ते अम्मीला दाखवलं.
३. अम्मी नाही म्हणाली. कारण विचारल्यावर म्हणाली की पाच किलो तांदूळ आणायचे तरी तुला रिक्षा लागते.
४. हे खरं आहे.
५. मी म्हणाले की सरावाने जमेल. ती म्हणाली, मग माझ्या भावाच्या दारापासून माझ्या दारापर्यंत पाच दिवसांत चालत ये, आपलं ओझं आपल्या पाठीवर घेऊन. आलीस तर नाही म्हणणार नाही.
६. अब्बांना जहाजावर निरोप पाठवला. उत्तर आलं: अम्मी म्हणेल तसं.
७. काल रविवारी चौदा किलोची सॅक घेऊन भाट्याच्या पुलावरून पावसच्या रस्त्याला लागले. सहाव्या किलोमीटरला थांबले. रिक्षाने परत आले.
८. रिक्षातून उतरले तेव्हा अम्मी दारात होती. काही बोलली नाही.

होकार २० डिसेंबरपर्यंत कळवायचा आहे. त्याआधी मला हे चालायचं आहे. ५ डिसेंबरला तुमच्या दारातून निघेन आणि पाच दिवसांत घरी पोचेन. अंतर शंभरच्या थोडं वर. दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडायला अम्मीची हरकत नाही. त्या पोहून ये म्हणण्याइतकी ती रागावलेली नाही.

माझ्याकडे नकाशे आहेत आणि फोनमध्ये बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ताही आहे. पण तुम्ही चाळीस वर्षं तक्त्याशिवाय होडी हाकलीत. फोन बंद पडला तर उपयोगी पडेल अशी तुमची रीत लिहून पाठवावी. मामींना सलाम. तुमची माया आहे तेवढी पुरे आहे, फक्त ती या वेळी अम्मीच्या बाजूला जाऊ देऊ नका.

तुमची भाची,
महरीन

७८६
दाभोळ, १५ नोव्हेंबर

चि. महरीनला मामूचा सलाम आणि ढीगभर दुवा.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं. तेही ऐकू आलं नाही, म्हणून चष्मा लावून स्वतः वाचलं. आठव्या कलमाला हसलो. रहिमा काही बोलली नाही म्हणजे फार बोलली. त्या रिक्षावाल्याचं नाव तू लिहिलं नाहीस, नाहीतर त्यालाही सलाम पाठवला असता.

चौदा किलो कशाला गं? होडीवर आमचा कायदा होता: दोन दिवसांत जिला कुणाचा हात लागला नाही ती वस्तू बंदरावर उतरवायची. तुझी सॅक उघड आणि तेच कर. नवे बूट घेऊ नकोस. पायाची आणि बुटाची ओळख रस्त्यात करून द्यायची नसते. टाचेला चिकटपट्टी आधी लाव, फोड आल्यावर लावली तर ती फोड झाकते एवढंच. गुहागर, वेळणेश्वर, जयगड, मालगुंड, चारही ठिकाणी माझ्या ओळखीची घरं आहेत. तंबू त्यांच्या अंगणात लाव. म्हणजे तुझाही मान राहील आणि त्यांचाही.

अडचणीची जागा एकच. वेळणेश्वर सोडून पुढे गेलीस की डोंगराचं नाक समुद्रात घुसलंय. त्याच्या पायथ्याच्या खडकांवरून, खडपावरून, वाट आहे, पण ओहोटीलाच. वरच्या रस्त्याने गेलीस तर अकरा किलोमीटर जास्त, आणि तवसाळहून जयगडला जाणारी शेवटची फेरी हुकली समज.

आता रीत. मशिदीच्या कॅलेंडरवरची चांदाची तारीख घे. तिची पाऊणपट कर. येईल तितक्या वाजता भरती. त्यात सहा तास मिळव, की ओहोटी. पंधराच्या पुढे तारीख गेली की पंधरा वजा कर. एवढंच शास्त्र. यावर मी चार होड्या आणि दोन भाऊ सांभाळले.

मी कुणाच्याच बाजूला नाही. मी दाभोळला आहे. माया पोस्टाने येते तशी घेत जा.

मामू नझीर

७८६
रत्नागिरी, २४ नोव्हेंबर

आदरणीय मामूंना सलाम.

वि. वि. तुमच्या कायद्याप्रमाणे सॅक उपसली. छत्री, जास्तीचे बूट, स्टीलचा डबा, दोन पुस्तकं आणि एक जाड टॉवेल उतरवला. आता वजन अकरा किलो चारशे ग्रॅम. त्यात तंबू दोन किलो शंभर आणि पाणी दोन किलो. अम्मीने सुक्या जवळ्याची चटणी अर्धा किलो दिली आहे. ती ठेवून गेले तर जास्त जड पडेल, म्हणून घेतली.

गेल्या रविवारी बारा किलोमीटर चालले, आज सतरा. रिक्षा दोन्ही वेळा लागली नाही. आजचा रिक्षावाला वेग कमी करून बराच वेळ बाजूने येत होता. त्याला बहुधा मागच्याने सांगून ठेवलं आहे.

भरती-ओहोटीचा तक्ता मी छापून घेतला होता, पण तो फोनमध्ये आहेच, म्हणून छापील प्रत घरी ठेवते आहे. तुमची रीतही पाठ आहे. नवा चांद दिसला की तारीख धरीन. ४ डिसेंबरला दुपारी दाभोळला पोचते. त्या दिवसापुरती एसटी चालेल, असं अम्मीने मान्य केलं आहे.

तुमचा लोभ तसाच चालू ठेवावा.

महरीन

७८६
रत्नागिरी, २८ नोव्हेंबर

नझीरभाईंना रहिमाचा सलाम.

वि. वि. हे पत्र पोरीला दाखवू नका. ती रोज वजनकाट्यावर दात घासायचा ब्रश ठेवून बघते. ब्रशचा दांडा कापला तिने. मी हसले नाही, आत जाऊन हसले.

तिच्या सॅकचा एक पट्टा उसवत आला होता. ती कामावर गेली तेव्हा मी तो दुहेरी दोऱ्याने शिवला. तिला कळलं असणार. तिला सगळं कळतं, फक्त बोलत नाही. बापावर गेली आहे.

या घरातून माणूस गेलं की अकरा महिन्यांनी येतं. एकाची मी सवय करून घेतली. दुसरं पाठवायचं तर काळीज घट्ट करावं लागतं. तिने हरावं असं मला वाटतं, आणि ती हरून दारात उभी राहिली तर ते मला बघवणार नाही. तुम्ही तिला मदत करू नका आणि अडवूही नका. गुरुवारी सकाळी ती निघाली की फक्त निघाली एवढं कळवा.

तब्येतीला जपा. बहिणीची आठवण ठेवा, एवढंच मागणं.

रहिमा

७८६
रत्नागिरी, १० डिसेंबर

आदरणीय मामूंना सलाम.

वि. वि. काल, सोमवारी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी मी अम्मीच्या दारात पोचले. चालत. एकूण एकशे सात किलोमीटर. फेरीबोटींचं अंतर त्यात धरलेलं नाही. पायाला एकही फोड नाही.

तुमच्या रीतीबद्दल मात्र लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी पालशेतच्या पुढे ओढा ओलांडताना फोन पाण्यात पडला. तक्ता त्याच्यात होता. छापील प्रत मी वजन वाचवायला घरी ठेवली होती. तिचं वजन चार ग्रॅम होतं, आल्यावर मोजलं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी पावणेनऊला त्या नाकापाशी आले. चांदाची तारीख चार. तिची पाऊणपट तीन. तीनला भरती, नऊला ओहोटी. म्हणजे पंधरा मिनिटं हातात होती. पण खडपावर गुडघाभर पाणी होतं आणि लाटा दगडावर चढत होत्या. हिशेबाप्रमाणे पाणी याहून खाली जाणार नव्हतं. उलट नऊनंतर चढणार होतं. वरच्या रस्त्याने गेले असते तर फेरी हुकली असती, पाचवा दिवस पुरला नसता आणि २० तारखेला मला नकार लिहावा लागला असता. मी सॅकचे पट्टे आवळले आणि पाण्यात उतरले. सातव्या पावलाला लाटेने मला आडवं खडकावर नेलं. गुडघा सोलला. मागे आले.

मग मी भूमापनाच्या कामावर करते ते केलं. खडकावर पाण्याच्या रेषेला मोजणीच्या खडूने खूण केली आणि घड्याळ बघितलं: नऊ वाजून पाच मिनिटं. सव्वानऊला पाणी खुणेच्या दोन बोटं खाली होतं, साडेनऊला पाच बोटं. ओहोटी संपली नव्हती, चालू होती. हिशेब चुकू शकतो, खूण चुकत नाही. मी सॅक उतरवून बसले.

थोड्या वेळाने कालवं काढायला कोयती आणि टोपली घेऊन सोनूबाई नावाच्या एक बाई आल्या. वय साठच्या पुढे. कुणाची कोण, एकटीच कशी, सॅकमध्ये काय, हे सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या की आज षष्ठी, सुकती म्हणजे ओहोटी साडेदहाला. नऊला कुणी सांगितली. मी तुमचं नाव सांगितलं. तुम्हाला त्या ओळखत नाहीत, पण निरोप दिला आहे: दाभोळच्या तांडेलाला सांग, पोरीला अर्धंच शिकवलंस.

षष्ठी म्हणजे सहा. माझ्याकडे चार. चांद डोळ्यांना दिसेपर्यंत तिथी दोनने पुढे गेलेली असते. तेव्हा मला आठवलं: निघायच्या दिवशी ओट्यावर तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत, तेव्हा पहिल्या बोटाची दोन पेरं सोडून तिसऱ्यापासून सुरुवात केलीत. मला ती तुमची लकब वाटली. ते दोन दिवस तुम्ही चाळीस वर्षं पेरांवर मिळवत आलात, म्हणून कागदावर लिहायचे राहिले. पुढच्या कुणाला शिकवाल तेव्हा लिहावेत.

दहाला खडप उघडं पडलं. सोनूबाई पुढे, मी मागे. मधल्या शेवाळाच्या पट्ट्यावर माझा सोललेला पाय दोनदा सरकला. त्या मागे वळल्या, माझ्या पाठीवरून सॅक काढली, डोक्यावरच्या टोपलीत ठेवली आणि चालू लागल्या. मी नको म्हणाले. त्या म्हणाल्या की पडून हाड मोडलंस तर मला तुलाही टोपलीत घालावं लागेल. पलीकडे पोचल्यावर सॅक परत दिली. ती त्रेचाळीस पावलं होती. मी मोजली.

तवसाळला शेवटच्या फेरीच्या आधीची फेरी मिळाली. त्यानंतर रोज दोन मिळवून हिशेब केला आणि एकदाही चुकला नाही. काल अष्टमी. ओहोटी दुपारी बाराला. आरे-वारेची ओली वाळू त्या वेळी सिमेंटसारखी घट्ट होती, त्यावरून मी ताशी पाच किलोमीटरने आले. इतका वेग मला सरावात कधी मिळाला नव्हता. मिऱ्याच्या अलीकडे सरावात बाजूने येणारा तोच रिक्षावाला दिसला. या वेळी त्याने हॉर्न वाजवून सलाम केला.

अम्मी दारात उभी होती. मी आत पाऊल टाकण्याआधी तिला त्रेचाळीस पावलांचं सांगितलं, कारण अट आपल्या पाठीवर अशी होती. तिने आधी बाईंचं नाव विचारलं, मग त्यांना चटणी दिलीस का ते विचारलं. दिली होती. मग म्हणाली की ओझं तुला उचलता येईल हे मला पट्टा शिवतानाच माहीत होतं. परक्या मुलखात दुसऱ्याचं उचलणारं कुणी भेटेल की नाही, याची भीती होती. जा म्हणाली. नंतर सॅक उचलून बघितली आणि एवढं वजन कशाला नेलंस म्हणून रागावली.

म्हणजे अम्मीचा होकार आला आहे. पण माझ्या मोजणीत ती त्रेचाळीस पावलं अजून उरतात. चाल तुमच्या दारातून सुरू झाली, म्हणून ती पुरी धरायची की नाही हे तुम्ही सांगावं. नाही म्हणालात तर मी तेवढं नाक सॅक घेऊन पुन्हा चालून येईन. १९ तारखेला चतुर्थी आहे, ओहोटी सकाळी नऊला. या वेळी खरंच नऊला. वीसला होकार लिहायला तेवढा वेळ पुरतो.

मामींना सलाम. माझ्यावरचा लोभ वर्षभर हिमाचलच्या पत्त्यावर पाठवावा लागेल, त्याची तयारी ठेवावी.

मंगळवार, १७ डिसेंबरपर्यंत तुमचं उत्तर मिळावं.

तुमची भाची,
महरीन