उजव्या बाजूचं पायदान

जाफराबाद,
रविवार

प्रिय अक्षता,

सप्रेम जयभीम.

पाकीट बघून घाबरू नकोस. इकडं सगळं जागच्या जागी आहे. तुझी सासू दोन्ही वेळा जेवते, मीही जेवतो, सोयाबीन काढून झालं, मळणीला आपल्या परमेश्वरनं हात लावला. फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. पण सासरा-सुनेचं फोनवरचं बोलणं ते किती. मी विचारतो, जेवलीस का. तू म्हणतेस, हो मामा, तुम्ही जेवले का. मग दोन्हीकडं नुसती शांतता, आणि शेवटी मीच रेंजला दोष देऊन फोन ठेवतो. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. दिवसभर तोंड चालायचं, पण ते बोलणं म्हणजे पुढं सरका आणि सुटे काढा. घरच्या माणसांशी काय बोलायचं हे त्या नोकरीत कुणी शिकवत नाही. म्हणून लिहायला बसलो. हे पोस्टात टाकणार नाही. जालन्याच्या गाडीवरच्या कंडक्टरकडं देईन, तो अंबडच्या गाडीवाल्याकडं देईल. आमच्या लोकांत पत्रं, डबे, औषधं आजही अशीच जातात आणि हरवत नाहीत.

प्रितम गेल्यावर कसं वाटतं, असं लोक अजून विचारतात. काय सांगणार? दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतो, मग गाल आपलाच असतो पण बोट लावलं तर दुसऱ्याचा वाटतो. तसं सगळं अंग झालंय. पोरगा गेला हे मला माहीत आहे. विहिरीवर मोटार चालू करायला गेला, शॉक बसला, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. हे मी कुणालाही न अडखळता सांगतो, गाड्यांच्या वेळा सांगाव्यात तसं. पुण्यानुमोदनाला विहारात सगळे रडले, मी बाहेर लोकांच्या चपला नीट लावत बसलो होतो. रडू येत नाही याची आधी लाज वाटायची. आता तीही वाटत नाही.

गाडी दारातल्या लिंबाखालीच असते, तू लावलीस त्याच जागी. तो दिवस मला तुटक तुटक आठवतो. प्रितमला लोकांनी कुणाच्या तरी जीपमधून नेलं आणि आपली पिकअप शेतातच राहिली, दार सताड उघडं. दुसऱ्या दिवशी माती झाल्यावर घर माणसांनी भरलं होतं, आणि तू कुणाला न सांगता उठून शेताच्या रस्त्याला लागलीस. काही वेळानं गाडीचा आवाज आला. मला वाटलं, परमेश्वर घेऊन आला असेल. प्रितमचा दोस्त, त्याचाही धंदा गाडीचाच. बघतो तर स्टेअरिंगवर तू. पदर खोचलेला, नजर आरशात, आणि गाडी रिव्हर्समध्ये लिंबाखाली घेतेस. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. तुला गाडी येते हे मला ठाऊकच नव्हतं, पण पाय सवयीनं उठले. मी मागं जाऊन उभा राहिलो, येऊ दे, येऊ दे म्हणालो, आणि बुंध्याला लागायच्या आत पत्र्यावर एक थाप मारली. एसटीत एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तू एका थापेवर बराबर थांबलीस. मग उतरून चावी माझ्या हातात दिलीस. त्यावर आपण दोघं एक शब्द बोललो नाही, अजूनही नाही.

तू भावाबरोबर माहेरी अंबडला गेलीस आणि इकडं तुझ्या सासूनं नवीनच काढलं. दुपारची भांडी झाली की ती जाऊन गाडीत बसायची. डावीकडच्या सीटवर, खिडकीशी, दार ओढून घेऊन. केबिनमध्ये मिरचीचा ठसका अजून आहे, फेऱ्याच एवढ्या मिरचीच्या झालेल्या. आत बसलं की शिंका येतात, डोळ्यांना पाणी लागतं. ती उतरली की मी विचारायचो, काय झालं. ती म्हणायची, मिरची हाय. मीही म्हणायचो, हो, मिरचीच.

तिचे गुडघे तुला माहीत आहेत. विहाराच्या पायऱ्या चढताना भिंत धरते, आणि आपली गाडी तर प्रितमनं वजनासाठी स्प्रिंगचे पाटे वाढवून घेतल्यापासून आणखी उंच झालेली. गाडीच्या हौद्यात एक निळा क्रेट पडलेला होता, तो मी दाराखाली ठेवायचो आणि ती त्यावर पाय देऊन चढायची. एकदा क्रेट सरकला आणि तिची नडगी सोलून निघाली. रक्त पुसता पुसता म्हणाली, उद्या जरा धरा मला. म्हणजे उद्याही बसायचं होतंच. बसू नको म्हणावं एवढं बळ माझ्यात नव्हतं, आणि रोज धरत बसण्याएवढंही नव्हतं. त्यापेक्षा गाडीला पायदान बसवून टाकू, असं वाटलं.

लोक हसले. काकासाहेबाला तर तू ओळखतेस, माझा चुलतभाऊ, पण हुकूम सोडतो सख्ख्या थोरल्यासारखा. तो म्हणाला, "इकायच्या म्हशीला कुनी घुंगरं बांधतं का?" कारण गाडी विकायची हे त्यानं ठरवलं होतं आणि मी हो म्हणून बसलो होतो. खरं सांगू का, त्या दिवसांत तो घर विकू म्हणाला असता तरी मी हो म्हणालो असतो. माझं हो म्हणजे नुसती मान हलायची.

चिखली रोडवरच्या कारभारी मिस्त्रीकडं गेलो. परमेश्वर गाडी चालवायला होता, तुझी सासू चांगुणाबाई तिच्या जागेवर. पायदान जोडीनंच येतं. खोक्यातून दोन निघाली, काळे जाड पाइप, वर पाय घसरू नये म्हणून खडबडीत पत्रा, आणि चासीला बोल्टनं आवळायचे ब्रॅकेट. त्या ब्रॅकेटला लांबट भोकं असतात, म्हणून पायदान वरखाली करता येतं. कारभारीनं तुझ्या सासूला दाराशी उभं केलं, विटा रचल्या आणि वर पाय ठेवायला लावला. एक वीट काढली, परत ठेवायला लावला. ज्या उंचीला गुडघ्यानं तक्रार केली नाही तिथं खडूनं खूण केली आणि गाडीखाली शिरला. सगळ्या रस्त्यादेखत पाय मोजून घ्यायचा म्हणजे ती अशी लाजली, की लग्नात जोडव्यांचं माप घेतलं तेव्हाही एवढी लाजली नसेल. पायदान बसल्यावर स्वतःच्या स्वतः चढली, उतरली, परत चढली. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, पण काम झालं एवढं कळलं.

मग कारभारी दुसरं घेऊन उजव्या बाजूला निघाला. मी म्हणालो, राहू दे. तो म्हणाला, "कंडक्टरसाहेब, जोडी हाय ही. बसवून घ्या, परत कुठं येता." मी म्हणालो, "तिकडून कोन चढतंय आता." आणि ज्यानं त्याच बाजूनं चढून आम्हाला तिथं आणलं होतं, तो परमेश्वर पाना हातात धरून नुसता माझ्याकडं बघत राहिला. आता लिहिताना मलाही हसू येतंय. पण सगळा जन्म मी डाव्या दारात उभा राहिलो. चढणारा माणूस म्हणजे डावीकडून चढणारा. उजवीकडून ड्रायव्हर चढतो हे कंडक्टरला माहीत असतं, पण त्याला तिकीट फाडायचं नसतं, तो हिशेबात येत नाही. माझ्या डोक्यात त्या बाजूला एकच माणूस चढायचा, आणि तो गेला होता. दुसरं पायदान मी प्लास्टिकसकट घरी आणलं आणि धान्याच्या कोठीमागं उभं केलं.

गेल्या बाजाराच्या दिवशी काकासाहेब भोकरदनकडचं गिऱ्हाईक घेऊन आला. दुपारची वेळ, त्यामुळं चांगुणाबाई गाडीतच. त्या माणसानं टायर बघितले, बॉनेट उघडून बघितलं, मग चालवून बघायला उजवीकडं गेला. चढताना त्याचा पाय घसरला. वैतागून म्हणाला, "तिकडं पायदान हाय, मंग हिकडं का न्हाई बसवलं?" मी परत तेच म्हणालो. तिकडून कोन चढतंय आता. तेवढ्यात केबिनमधून आवाज आला, "अक्षता चढती."

काकासाहेब म्हणाला, "वहिनी, उतरा जरा, पाहुण्याला बसून बघू द्या." ती खिडकीतून त्याच्याकडं न बघताच म्हणाली, "मी उतरत न्हाई. गाडी तिची हाय, आधी तिला इचारा." ज्या बाईनं लग्नापासून काकासाहेबासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिचं हे बोलणं ऐकून तो चहा न घेताच उठला. पाहुण्यानं मात्र घेतला.

त्या संध्याकाळी चांगुणाबाई बोलली. प्रितम गेल्यापासून एवढं सलग पहिल्यांदाच. मी रोज सकाळी स्टँडवर जाऊन बसतो, रिटायर झालो तरी गाड्या वेळेवर सुटतात का बघायला, आणि माझी पाठ वळली की तुमची शाळा भरायची म्हणे. तू स्टेअरिंगवर, प्रितम मधे, ती खिडकीशी. शेताचा रस्ता, मग तळ्याचा, मग थेट डांबरीवर. तुझा पाय पुरायचा नाही म्हणून प्रितम तो निळा क्रेट उजव्या दाराखाली ठेवायचा, तू चढलीस की हौद्यात टाकायचा आणि स्वतः डावीकडून चढून आईला हात देऊन वर घ्यायचा. तिच्याजवळ सांगून गेला होता, ह्या मिरचीला एक फेरी अक्षता मारील आणि बाबाला दाखवायला स्टँडवरून हॉर्न वाजवत जाईल. तिघांनी मिळून माझ्यापासून एवढं लपवलंत, आणि मी सगळ्या डेपोला सांगत फिरायचो की माझ्या नजरेतून विनातिकीट कुणी सुटत नाही. मी तिला म्हणालो, मला वाटायचं तू पोराच्या रिकाम्या सीटकडं बघत बसतीस. ती म्हणाली, "पोरगं काय येनार हाय का? मी पोरीची वाट बघून राह्यले."

तेव्हा आत काहीतरी हललं. इंजेक्शन उतरताना गालाला मुंग्या येतात, तसं. बरं वाटलं असं म्हणणार नाही, दुखलं. पण आपला गाल आपला आहे एवढं कळलं.

तर अक्षता, पत्राचं कारण एवढंच. गाडी विकत नाही, असं मी काल काकासाहेबाला सांगितलं. त्यानं बोलणं टाकलंय, टाकू दे. दुसरं पायदान कोठीमागून काढून पुसून ठेवलंय आणि कारभारीकडं जाऊन आलो. तो म्हणतो, "बसनाऱ्याला घिऊन या, मापाबिगर मी बोल्ट आवळत न्हाई." तेव्हा एकदा ये. सून म्हणून ये असं म्हणत नाही. तुझा भाऊ तुझ्या पुढच्या आयुष्याचं बोलतो ते मला पटतं, तुझं वय आहे. पाय मोजायला ये. गाडी तुझी आहे. इथं चालवलीस तर मिरचीचे तोडे अजून चालू आहेत, परमेश्वर भाडी सांगतोय. अंबडला नेलीस तर ने, उद्या दुसरं घर केलंस तर तिकडं ने. कधी इकडं फेरी झाली तर चांगुणाबाईला तळ्यापर्यंत फिरवून आण, डावीकडचं पायदान तिच्या मापाचं आहे, तिला धरावं लागत नाही. मला गाडी चालवता येत नाही, मला येतं तेवढंच मी करीन. बोल्ट आवळून झाले आणि तू उजवीकडून चढून बसलीस, की मी मागं उभा राहीन आणि पत्र्यावर दोन थापा मारीन.

तुझाच,
मामा