बॉनेटखालचे उद्योग

४ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी परत बंद! सकाळपासून हे बॉनेटमध्ये डोकं खुपसून उभे. "कार्ब्युरेटरच आहे, वासावरून सांगतो." वासावरून! मी दारातूनच म्हटलं, "बॅटरीची वायर सैल असेल का हो?" तर म्हणे, "तू चहा टाक. तुला काय कळतंय यातलं?"

चाळीस वर्षं यांच्या हातात पाने देतेय. दहा नंबर दे, बारा नंबर दे, टॉर्च धर, अगं वर धर. दगडालासुद्धा एव्हाना कळलं असतं.

वायर मीच सैल केलीय. काल दुपारी, हे घोरत होते तेव्हा.

५ फेब्रुवारी

का केली, ते इथे तरी लिहिते. मागच्या महिन्यात यांनी भाजीवाल्याची हातगाडी उडवली. बिचारा उडी मारून वाचला. घरी येऊन सांगतात काय, तर "हातगाडीच मध्ये आली." उभी हातगाडी! डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं – उजवीकडच्या कडेचं दिसत नाही, सुधारणारही नाही, गाडी बंद करा. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हे म्हणतात, "कालचं पोर ते!" आणि पुढची पायरी चुकले.

आता सोळा तारखेला नातीला तळ्यावर न्यायचं फोनवर कबूल करून बसलेत. सहा वर्षांची पोर! लेकीला सांगितलं तर म्हणते, "आई, बाबांना दुखवू नकोस, तूच समजाव." समजावते हं. आजवर फार समजलेत ना!

७ फेब्रुवारी

वायर सापडली. तीन दिवस लागले. पूर्वी तीन मिनिटं लागली असती. वर तोरा – "मी पहिल्यापासून म्हणत होतो, वायरच आहे!"

दुपारी, ठिणगी पडते त्या पॉइंटमध्ये कॅलेंडरच्या पानाचा कपटा सरकवला.

९ फेब्रुवारी

भावजी आले. यांचे धाकटे बंधू. गाडीतलं भावजींना येतं काय, तर काच खाली करणं. पण सल्ले मागाल तितके, न मागाल तितकेही. "वहिनी, या वयात माणसाला छंद हवाच." छंद! दोघे ओणवे होऊन तासभर कुठल्याशा नळीत फुंकर मारत होते. एक नाही, दोन अर्धवटराव! कपटा दोघांनाही दिसला नाही.

११ फेब्रुवारी

कपटा मिळाला. निदान – उंदीर! उंदरांनी कागद ओढून नेला म्हणे. गाडीखाली सापळा लावलाय, त्यात कालची चपाती. मनात म्हटलं, उंदीर तुमच्याच ताटाला ताट लावून जेवतोय.

मग माझीच फजिती. प्लगची एक वायर नुसती उपसून ठेवायची होती. एवढ्यात यांचा खोकला ऐकू आला आणि घाईत दोन वायरी अदलाबदल करून बसवल्या. संध्याकाळी यांनी चावी फिरवली आणि धडाम! शेजारीपाजारी बाहेर. धुरात हे उभे. मी धावत जाऊन यांना आधी मागे ओढलं. तरी तोंडाने म्हटलंच, "वासावरून सांगा आता."

१३ फेब्रुवारी

वायरी लागल्या. गाडी एका चावीत सुरू! शीळ घालत धुताहेत. उजवं दार तसंच मळकं राहिलंय, तिकडे लक्षच नाही. दुपारची झोप बंद, खुर्ची टाकून गाडीपाशीच. मला बॉनेटला हात लावायला मिळत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शेवटी मी बोललेच. "तुम्हाला दिसत नाही. पोरीच्या जिवावर उठलात का?" जेवलेही नाहीत. उठून गाडीपाशी गेले ते अंधार पडेपर्यंत तिथेच. पालथ्या घड्यावर पाणी! उद्या सकाळी चाकासमोर आडवी पडणार आहे, बघतेच.

१६ फेब्रुवारी

देव पावला. गाडी सुरूच झाली नाही! आणि मी हातसुद्धा लावला नव्हता. पोर रडकुंडीला आली. हे म्हणाले, "म्हातारी झाली गं ती, काय करणार?" मग आम्ही तिघं बसने गेलो. तिला खिडकीपाशी मांडीवर घेऊन वाटभर सगळ्या गाड्यांची इंजिनं समजावत होते. बढायांना खंड नाही.

१७ फेब्रुवारी

यांचा शर्ट भिजवायला घेतला. खिसा जड लागला. आत स्वच्छ फडक्यात नीट गुंडाळलेला रोटर. तो काढला की गाडी जागची हलत नाही. नट सैल होऊन तो पडत नाही, हातानेच काढावा लागतो.

शनिवारी तिथे बसून हे काय करत होते ते आता कळलं. मला लाज वाटली. शर्ट तसाच खुंटीला लावून ठेवलाय.