खाटेवरून दिसणारा टीव्ही

२ फेब्रु., रविवार
टीव्ही घेतला. दुकानात दोन शेजारी शेजारी लावलेले, एक मॅट, एक ग्लॉसी. मॅटचा पडदा पाटीसारखा, रंग जरा फिके. ग्लॉसी नुसता लखलखत होता. सुनंदा म्हणाली, "अहो, आपल्या हॉलला पश्चिमेची खिडकी. दुपारी टीव्हीवर चकाकी मारंल. मॅट घेऊ." मी दुकानदारासमोर म्हणालो, "प्रकाशाचं परावर्तन बारावीला मी शिकवतो. तू नको शिकवू." दुकानदार हसला. ती नाही हसली.
ग्लॉसी घेतला.

५ फेब्रु.
स्टाफरूममधले तिघे चहाला आले. "सर, थेटर झालं की घराचं!" बरं वाटलं. खिडकीचे पडदे आधीच ओढून ठेवले होते. का, ते मलाच माहीत.

११ फेब्रु.
आईला दवाखान्यातून घरी आणलं. गावी, चकलांब्याला, ओट्यावरून पडलेली, मांडीचं हाड मोडलेलं. इथंच अंबाजोगाईत ऑपरेशन झालं. आता महिना-दीड महिना खाटेवर. खाट हॉलमध्ये खिडकीखाली टाकली, बरोबर टीव्हीसमोर. मुद्दाम. सु. शिकवते ती शाळा सकाळची, दुपारी ती घरी असते. मी साडेपाचला येतो.

१८ फेब्रु.
रोज विचारतो, "आई, दिसतं ना नीट?"
"लई झ्याक हाय."
दुपारच्या शिरेलीत, म्हणजे मालिकेत, काय झालं ते सगळं सांगते. कोण कुणाला काय बोललं, शब्द न् शब्द. टीव्हीचं सार्थक झालं म्हणायचं.

२४ फेब्रु.
सहज विचारलं, त्या शिरेलीतली सून दिसायला कशी आहे? आईनं पदर सारखा केला, "असंल की चांगलीच."
मोतीबिंदू असणार. सु.ला म्हणालो. ती म्हणाली, "डोळ्यांचं नाही हो ते, तो टीव्ही..." मी तिला मध्येच तोडलं. डॉक्टर ठरवतील म्हणालो.

२७ फेब्रु.
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. रिक्षात बसवताना आई ओरडली. खड्डा आला की माझा दंड आवळायची. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे, चष्मा पण बरोबर. येताना आई म्हणाली, "कावून आणलंस रे दत्ता? मी काय म्हनले व्हते का तुला?"
संध्याकाळी पाय सुजला.

१ मार्च, शनिवार
कॉलेज लवकर सुटलं. अडीचला घरी. सु. आईला वॉकरनं मोरीकडं घेऊन गेलेली, टीव्ही चालूच. ऊन फार होतं, खाटेवर आडवा झालो.
टीव्हीच्या पडद्यावर खिडकी. गज, पांढरं ऊन, माझे पाय. माणसं कुठंच नाहीत. नुसते आवाज.
सु. परत आली. आईला बसवलं, मग मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाली, "पहिल्याच दिवशी कळलं मला. खिडकीचा पडदा ओढला की आईंना कोंडल्यासारखं होतं. तुम्हाला सांगू दिलं नाही त्यांनी. 'त्यानं हौसेनं आनलाय, बोलू नको' म्हणाल्या."
अठरा दिवस. माझं मन राखायला आई आवाजावर टीव्ही बघत होती. आणि मी तिला त्या पायानं रिक्षात
पुढं लिहवत नाही.

३ मार्च
वर्गात मन नव्हतं. खाट हलवून पाहिली, दुसरीकडं बसत नाही. दुकानात गेलो. वापरलेला परत घेत नाहीत. नवा मॅट सांगून आलो, हा ग्लॉसी आतल्या खोलीत लावू. दुकानदारानं विचारलं, "का हो सर?" म्हणालो, दुसऱ्या खोलीसाठी पाहिजे. त्यालाही खरं सांगता आलं नाही. तो कोण लागतो माझा?

५ मार्च
दुपारी मॅट लागला. रजा टाकली होती. खिडकी सताड उघडी. आई एकटक बघत होती. मग एकदम, "आगं बया! ही तर पोरगीच हाय की! आवाजावरनं मला वाटलं चांगली थोराड असंल."
हसली. किती दिवसांनी.
मग माझ्याकडं वळून, "पैला कावून काढला रे? चांगला व्हता की."
"त्यात बिघाड होता आई. कंपनीनंच बदलून दिला."
तोंडातून निघून गेलं. सु. चहा घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं. कप माझ्याजवळ ठेवला, माझ्याकडं पाहिलं नाही, आत गेली.
उठून तिच्यामागं जायला पाहिजे होतं. सु. पहिल्यापासून मॅटच म्हणत होती, हे आईलाही तिथंच सांगायला पाहिजे होतं. आई म्हणाली, आवाज जरा वाढव. वाढवला. शिरेल संपेपर्यंत बसून राहिलो.