दाव्यातला माझा हक्क धाकट्या नणंदेला

मी, खाली सही करणारी, पडदे शिवून पोट भरणारी बाई, छपरे दुरुस्त करणाऱ्या कारागिराची विधवा, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मत्सराबद्दल त्यांनी विचारले नाही, म्हणून मीही बोलले नाही.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागची पडवी, मुलीला. शिलाई मशीनही तिलाच.

२. यांची शिडी, हातोड्या आणि पत्रा कापायच्या कात्र्या, हे सगळे यांच्या कामावरच्या जोडीदाराला. भर दुपारी त्याने छपरावर चढू नये, एवढीच अट.

३. यांचा चौकटीतला फोटो माझ्या भिंतीवरचा आहे. माझ्या धाकट्या नणंदेने, जिला घरात सगळे धाकटीच म्हणतात, तो कोर्टात दाखवायला म्हणून नेला आणि वर्तमानपत्रांत तोच छातीशी धरून उभी राहिली. तो परत घेऊन मुलीला द्यावा. धाकटी सबबी सांगेल. ऐकू नयेत.

४. आता दावा. समोरच्या गोदामावर पत्रे ठोकताना यांना ऊन लागले आणि त्यातच हे गेले. तेल आणि कोळसा विकणाऱ्या ज्या कंपनीने, हवा तापणार हे ठाऊक असून लपवले, तिच्यावर मी दावा लावला. वादी मी. पण साक्षीच्या दिवशी कंपनीच्या वकिलाने विचारले, "तुमच्या पतींना विड्यांचं व्यसन होतं ना?" मी उत्तर जुळवत होते, तोवर धाकटी मागच्या बाकावरून उठली. "विड्या लोक पूर्वीपासून ओढतात, साहेब! त्या दुपारी पत्रा एवढा का तापला, ते सांगा. तुमच्याच शास्त्रज्ञांनी तुम्हाला सांगितलं होतं की नाही?"

न्यायाधीशांनी तिला खाली बसवले, पण दुसऱ्या दिवशी जिकडेतिकडे तीच. लोक सांत्वनाला तिच्याकडे जाऊ लागले. कापडवाला मला म्हणाला, "तुम्ही त्या बाईंच्या वहिनी ना?" नवरा माझा गेला आणि मी तिची वहिनी!

पुढे कंपनीचा माणूस घरी आला. "दावा तुमचा, नाव तिचं होतंय. तुम्ही सही करा. भरपाई एकट्या तुम्हाला, तिला छदामही नाही." खोटे कशाला लिहू, ऐकायला गोड वाटले. धाकटीचा उतरलेला चेहरा मी डोळ्यांपुढे आणूनही पाहिला. मग तो म्हणाला, "कागदात फक्त एवढंच, की उन्हाचा काही संबंध नव्हता."

मी दार उघडले. "नणंदेचं नि माझं भांडण घरातलं आहे. तुम्ही कोण मध्ये पडणार? निघा."

आता माझे दुखणे बरे होणारे नाही, आणि कंपनी तारखांवर तारखा घेत माझ्या मरणाची वाट पाहते आहे. मुलगी म्हणते, "आई, माझ्यात एवढी ताकद नाही गं." म्हणून दाव्यातला माझा संपूर्ण हक्क मी धाकटीला देते. ती लाडकी आहे म्हणून नव्हे, ती सोडणार नाही म्हणून. तिला बोलावून सांगितले, तर दारातच थबकली.

"मला? वहिनी, मी तर तुम्हाला डोळ्यांसमोर नको असते."

"नकोच असतेस. तरी घे."

ती रडली. रडणेही तिला माझ्यापेक्षा चांगले जमते.

५. दादा एक शब्द न बोलता गेला, असे तिने सगळीकडे सांगितले आहे. ती तिथे नव्हती. मी होते. हे छपरावरून उतरून आमच्या दारात आले, पाण्याचा पेला हातात घेतला आणि म्हणाले, "अगं, सगळी हयात उन्हात गेली, पण हे ऊन माझ्या ओळखीचं नाही." मग पाणी न पिताच पेला माझ्याकडे देऊन खाली बसले, ते उठले नाहीत.

हे शब्द मी आजवर कोणाला दिले नव्हते. यांचे तेवढेच माझ्या एकटीचे उरले होते. तेही धाकटीला देते. मात्र कोर्टात सांगताना तिने आवाज चढवू नये. हे अगदी हळू बोलले होते.

वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.
मृत्युपत्र करणारी: (सही) दाव्यातील वादी

आमच्यासमोर सही झाली:
(सही) शेजारचे घड्याळ दुरुस्त करणारे
(सही) पलीकडच्या घरातल्या निवृत्त परिचारिका

ठिकाण: माझे राहते घर
दिनांक: कोर्टाच्या पुढच्या तारखेआधीचा सोमवार