व्हाइस सरकला त्या दिवशी

प्रिय बाबा,

आज कारखान्यात संतोषभैया नव्या ऑपरेटरला सांगत होते, "चाचाजी के हाथ में दम नहीं रहा था, बोल्ट ढीला छोड़ दिए थे. तब से दीदी ही कसती हैं." मी शेजारीच उभी होते. तुम्हाला जाऊन सहा महिने झाले, तरी माझं खोटं अजून तुमच्या नावावर खपतंय. म्हणून हे लिहितेय.

मिलिंग मशीनवर कापायचा तुकडा घट्ट पकडणारा तो व्हाइस बसवायचा म्हणजे तुमचा केवढा सोहळा! टेबलावरचा लोखंडाचा कीस फडक्यानं पुसायचा, मग वरून उघडा तळहात फिरवायचा. "फडक्याले कीस समजत नाही, पोट्टे. हाताले समजते." मग दोन्ही बोल्ट आळीपाळीनं, थोडा हा, थोडा तो. पान्याला पाइप अडकवून जोर करणाऱ्याला तर तुम्ही दारात उभं करत नव्हता. "बोल्टानं धरलं पाहिजे, त्याचा जीव नाही घ्यायचा!" मी किती चिडायचे तेव्हा.

त्या दिवशी एका मोठ्या इमारतीच्या लोखंडी प्लेटा द्यायच्या होत्या. गाडी बाहेर उभी होती. मी फडकं मारलं न मारलं आणि व्हाइस ठेवून दिला. "हात फिरवला ना?" तुम्ही विचारलंत. "हव, बाबा." माझ्या शब्दावर तुम्ही बोल्ट कसलेत.

काप सुरू झाला आणि व्हाइस सरकला. कटर तुटला, प्लेट उडाली. नशीब, कुणाला लागली नाही. आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "तुमच्याच्यानं होत नाही आता. घरी बसा!"

तुम्ही आपल्या हातांकडे पाहिलंत. "असन बाप्पा," एवढंच म्हणालात.

संध्याकाळी मी व्हाइस उचलला. खाली लोखंडाचा कीस होता, दबून चपटा झालेला. किसावर बोल्ट कितीही नीट कसा, कीस दबला की तो ढिला पडणारच. चूक माझी होती. त्याच संध्याकाळी कळलं होतं मला, बाबा!

घरी आले तर तुम्ही पाण्याचा ग्लास धरून आईला विचारत होता, "माहे हात थरथरून राहिले का वं? पाह्य बरं." दारातून मी ते ऐकलं. आत येऊन भाजी काय केली, एवढंच विचारलं.

उद्या सांगू, ही ऑर्डर गेली की सांगू, असं करत राहिले. तुम्ही पुन्हा कारखान्यात आलाच नाहीत. दवाखान्यात माझा हात धरून पडला होतात, तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. आपले हात गेले असं समजूनच तुम्ही गेलात. मला हे सहन होत नाही. काहून भांडला नाहीत हो? एकदा तरी म्हणायचं, उचल तो व्हाइस, दाखव खाली काय आहे!

उद्या मशीन सुरू करायच्या आधी मी सगळ्यांना उभं करणार आहे. आईलाही नेणार आहे. सगळ्यांना समजेल अशा हिंदीत सांगीन: गलती मेरी थी, बाबा ने बोल्ट ठीक कसा था. आई कदाचित माझ्याशी बोलणं टाकेल. टाकू दे.

तुमची अपराधी पोट्टी,
वैशाली